सांबऱ्याहून विमानाने : अंतर आणि वेळ यांचा हिशेब

मागील अंकात आम्ही सीमाभागातील वाचकांकडून विमानप्रवासाविषयीचे प्रश्न मागवले होते. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी या भागांतून पत्रे आली, आणि त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : दोन विमानतळांमधील अंतर आणि तिकिटावर छापलेला वेळ यांचा मेळ बसत नाही. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. आपल्या भागातील माणूस विमानाने निघतो तो बहुधा मुलाखत, उपचार, परदेशातील नोकरी अशा एखाद्या निकडीच्या कामासाठी, आणि वेळेचा अंदाज चुकला तर ते कामच हातचे जाते. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : संगणकावर सांबरा (बेळगावचा विमानतळ) ते मुंबई विमानतळ हे अंतर ४०४ किलोमीटर दिसते. रस्त्याने तेच अंतर पाचशेच्या घरात जाते. जेट विमानाचा वेग ताशी आठशे किलोमीटर असेल, तर हा प्रवास अर्ध्या तासात व्हायला हवा. तिकिटावर मात्र सव्वा तास लिहिलेला होता. उरलेला पाऊण तास कुठे जातो? (निवृत्त गणित शिक्षक, टिळकवाडी)

उत्तर : आपण गणिताचे शिक्षक आहात, म्हणून आधी ते ४०४ किलोमीटर कुठून आले ते पाहू, कारण हा आकडा आपण स्वतः कागदावर काढू शकता. सांबरा विमानतळ सुमारे १५.८६ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४.६२ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा विमानतळ १९.०९ आणि ७२.८७ अंशांवर. अक्षांशांतील फरक ३.२३ अंश, आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर ३५९ किलोमीटर झाले. रेखांश ध्रुवांकडे जाताना एकमेकांच्या जवळ येत असल्यामुळे तिथे १११.२ ला दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे साडेसतरा अंशांच्या, कोसाइनने गुणावे लागते. त्यामुळे रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटरचा होतो आणि १.७५ अंशांच्या फरकाचे पूर्व-पश्चिम अंतर १८६ किलोमीटर येते. आता पायथागोरसचा सिद्धांत लावला की कर्ण ४०४ किलोमीटरचा निघतो. मुंबईची दिशाही यातूनच मिळते. ती नेमकी वायव्येला नसून उत्तरेकडून पश्चिमेला साधारण सत्तावीस अंश कललेली आहे.

लांबच्या अंतरांना ही रीत पुरत नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे तिच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग हा महावर्तुळाचा, म्हणजे पृथ्वीच्या मध्यबिंदूभोवती काढलेल्या मोठ्यात मोठ्या वर्तुळाचा, कंस असतो, आणि सपाट नकाशावर तो वाकलेला दिसतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारा सर्वांत जवळचा मार्ग म्हणूनच नकाशावर उत्तरेकडे फुगलेला दिसतो. बेळगाव-मुंबईसारख्या अंतराला मात्र हा वाक नगण्य आहे आणि वरची साधी रीत पुरेशी अचूक ठरते.

आता पाऊण तासाकडे वळू. तिकिटावरील वेळ उड्डाणाचा नसतो. विमान आपल्या उभे राहण्याच्या जागेवरून हलते त्या क्षणी तो सुरू होतो आणि पलीकडच्या विमानतळावर विमान नेमून दिलेल्या जागी थांबते तेव्हा संपतो. यात इंजिने सुरू करून धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे आले, परवानगीची वाट पाहणे आले, आणि मुंबईत उतरल्यानंतर टर्मिनलपर्यंत संथपणे जाणेही आले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी बहुधा एकच वापरात असते आणि देशातील अत्यंत गर्दीच्या विमानतळांपैकी एकाचा भार तिच्यावर पडतो. आकाशात रांग असते, तशी जमिनीवरही असते.

प्रत्यक्ष उड्डाणातही ताशी आठशेचा वेग फार थोडा काळ मिळतो. उतरताना साधारणपणे दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल लागतात, असा वैमानिकांचा ढोबळ हिशेब आहे. नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमान तीस हजार फुटांवर असेल तर त्याला नव्वद नॉटिकल मैल, म्हणजे १६७ किलोमीटर आधीच उतरायला सुरुवात करावी लागते. वर चढायलाही जवळपास तेवढेच अंतर जाते. ४०४ किलोमीटरमधून ही दोन अंतरे वजा केली, तर सपाट उड्डाणासाठी शंभर किलोमीटरही उरत नाहीत. शिवाय दहा हजार फुटांखाली वेग सामान्यतः २५० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो, आणि धावपट्टीवर टेकताना तो आणखी उतरून ताशी अडीचशेच्या आसपास येतो.

तिसरे कारण धावपट्टीच्या दिशेचे आहे. सांबऱ्याची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे, आणि मुंबईची मुख्य धावपट्टीही तशीच आहे. विमान वाऱ्याच्या समोर उडते आणि वाऱ्याच्या समोरच उतरते. त्यामुळे सांबऱ्याहून ते आधी पूर्वेला किंवा पश्चिमेला उडते आणि मग मुंबईकडे वळते. मुंबईत वारा समुद्रावरून येत असेल, तर दक्षिणेकडून आलेल्या विमानाला वळसा घालून शहराच्या पूर्वेला जावे लागते आणि घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने पश्चिमेकडे तोंड करून उतरावे लागते. आपल्या ४०४ किलोमीटरमध्ये हे वळसे धरलेले नाहीत. संगणक दाखवतो ते दोन बिंदूंमधील अंतर आहे. विमान जे कापते ते नेहमी त्याहून अधिक असते.

प्रश्न : बेळगाव-बंगळूर मार्गावर कधी पंख्याचे एटीआर विमान असते, तर कधी जेट. जेटचा वेग कितीतरी अधिक असूनही तिकिटांवरील वेळेत फारसा फरक का दिसत नाही? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अनगोळ)

उत्तर : सांबरा ते बंगळूरचा देवनहळ्ळी विमानतळ हे सरळ अंतर सुमारे ४४५ किलोमीटर आहे. एटीआर ७२ चा सपाट उड्डाणातील वेग ताशी सुमारे ५१० किलोमीटर, तर एअरबस ए३२० किंवा एम्ब्रेअर यांसारख्या जेटचा सुमारे ८३०. संपूर्ण अंतर या वेगांनी कापले असे मानले, तरी एटीआरला ५२ मिनिटे आणि जेटला ३२ मिनिटे लागतील, म्हणजे फरक वीस मिनिटांचा होईल. प्रत्यक्षात जेटला तो वेग संपूर्ण अंतरभर मिळत नाही, हे वरच्या उत्तरात आलेच आहे. एटीआर कमी उंचीवर उडते, त्यामुळे चढण्या-उतरण्यात तिचे अंतर कमी जाते. जमिनीवरचा वेळ दोघांनाही सारखाच लागतो. अशा रीतीने वीस मिनिटांतील काही मिनिटे झिजून जातात.

पंख्याचे विमान म्हणजे जुने किंवा कमी सुरक्षित, असा एक समज आपल्याकडे अजून ऐकू येतो आणि काही वाचक त्यापायी महाग तिकीट घेतात. तो समज चुकीचा आहे. एटीआरचा पंखाही टर्बाइन इंजिनच फिरवते, आणि चार-पाचशे किलोमीटरच्या मार्गावर ते विमान इंधन कमी जाळते. बेळगावसारख्या शहराला विमानसेवा परवडते, त्यात अशा विमानांचा वाटा मोठा आहे.

प्रश्न : आमचे विमान तिकिटावरील वेळेच्या वीस मिनिटे आधीच पोहोचले. कंपन्या मुद्दाम वेळ वाढवून छापतात काय? (व्यापारी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : वेळापत्रकात थोडी शिल्लक धरलेली असते, हे खरे आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, विमाने वेळेवर जातात की नाही याची नोंद ठेवताना पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर ‘वेळेवर’ मानते. कंपन्यांची ही टक्केवारी जाहीर होते, त्यामुळे गर्दीच्या विमानतळांसाठी दहा-पंधरा मिनिटे अधिक धरण्याकडे त्यांचा कल असतो. शिवाय एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करते. सकाळच्या पहिल्या फेरीचा उशीर संध्याकाळपर्यंत साचत जाऊ नये, यासाठीही ही शिल्लक कामी येते. मला यात लबाडी दिसत नाही. उलट, काटेकोर छापून रोज चुकणाऱ्या वेळापत्रकापेक्षा हे प्रवाशाच्या हिताचे आहे.

मात्र या छापील कालावधीला कायदेशीर अर्थही आहे आणि तो फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असतो. वेळेत पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केले, तर डीजीसीएच्या नियमांनुसार नुकसानभरपाई या कालावधीवर ठरते : एक तासापर्यंतच्या उड्डाणासाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिक असल्यास १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. तिकिटाचा परतावा किंवा दुसरे उड्डाण यांशिवाय ही रक्कम मिळते. अतिवृष्टी, धुके, नियंत्रण कक्षाचे आदेश अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर मात्र ती मिळत नाही. तिकीट काढताना प्रवाशाने आपला स्वतःचा संपर्क दिलेला असावा, अशीही अट आहे. आपल्याकडे अनेकजण दलालामार्फत तिकीट काढतात आणि त्यावर दलालाचाच मोबाइल क्रमांक राहतो. तसे होऊ देऊ नये. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास विमानतळावर थांबलेल्या प्रवाशांना खाण्यापिण्याची सोय मिळाली पाहिजे. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर दुसरे उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांपैकी एक निवडण्याचा हक्क प्रवाशाला असतो.

प्रश्न : वडिलांना उपचारासाठी परळच्या एका रुग्णालयात न्यायचे आहे. वय ७२ आहे, फार वेळ बसवत नाही. विमानाने सव्वा तासात मुंबई गाठता येते असे सर्वजण सांगतात. विमानाने न्यावे, मोटारीने न्यावे की रेल्वेने? (एक वाचक, चिकोडी तालुका)

उत्तर : आपण सव्वा तास धरून चालू नये. आपल्या वडिलांना त्रास होईल तो घराच्या उंबरठ्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतच्या वेळेचा, म्हणून हिशेब तिथूनच करावा. चिकोडीहून सांबऱ्याला पोहोचायला दोन तास धरावेत. देशांतर्गत उड्डाणांचे चेक-इन सामान्यतः एक तास आधी बंद होते, आणि वृद्ध रुग्ण बरोबर असल्याने दोन तास आधी पोहोचणे योग्य. उड्डाणाचा सव्वा तास. मुंबईत सामान हाती यायला अर्धा तास, आणि विमानतळावरून परळला जायला रहदारीनुसार पाऊण ते दीड तास. ही बेरीज साडेसहा ते सात तासांच्या वर जाते. मोटारीने तोच प्रवास पुणे-सातारा मार्गे विश्रांती धरून नऊ-दहा तासांचा होईल. म्हणजे विमानाने वाचतात ते तीन तास. ते मोलाचे आहेत, परंतु लोकांनी सांगितलेल्या आकड्यावरून वाटते तेवढा मोठा हा फरक नाही.

खरा फरक वेळेपेक्षा बसण्याच्या प्रकारात आहे. विमानाच्या प्रवासात बसणे तुकड्यातुकड्यांनी होते आणि मध्ये पाय मोकळे करता येतात, परंतु चढउतार, तपासणी आणि रांगा असतात. हुबळी-दादर एक्स्प्रेस घटप्रभा किंवा बेळगावहून रात्रभराच्या प्रवासात दादरला पोहोचवते, आणि दादरहून परळ अगदी जवळ आहे. या प्रवासाला वेळ सर्वांत अधिक लागतो, पण वडील संपूर्ण रात्र आडवे होऊन जाऊ शकतात. ज्यांना बसवत नाही अशा रुग्णासाठी, तातडी नसेल आणि खालची बर्थ मिळत असेल, तर मी रेल्वेचाच सल्ला देईन. तातडी असेल तर विमान.

विमानाने नेणार असाल तर आणखी एक गोष्ट आधी डॉक्टरांना अवश्य विचारावी. उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. तो सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका, म्हणजे जवळपास सिमल्यातल्यासारखा असतो. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. निरोगी माणसाला हा फरक जाणवत नाही, परंतु ज्यांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण आधीच कमी आहे, ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसांचा गंभीर विकार आहे किंवा ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यासाठी तो महत्त्वाचा ठरतो. अशा रुग्णांसाठी विमान कंपन्या डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय अर्ज मागतात. व्हीलचेअर हवी असल्यास तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी कळवावे. विमानतळावर पोहोचल्यावर मागितली तर ती मिळेपर्यंत थांबावे लागते, आणि आपण टाळू पाहत असलेले बसणे तिथेच वाढते.

प्रश्न : आम्हाला सांबरा जवळ की उजळाईवाडी? (एक कुटुंब, निपाणी)

उत्तर : निपाणीकरांना उजळाईवाडी. हा कोल्हापूरचा विमानतळ शहराच्या आपल्याच बाजूला, महामार्गाजवळ आहे आणि निपाणीहून तिथे साधारण पाऊण तासात पोहोचता येते. सांबऱ्याला जायला त्याच्या दुप्पट वेळ जातो. उजळाईवाडी ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे ३१० किलोमीटर आहे, म्हणजे सांबऱ्यापेक्षा जवळजवळ शंभर किलोमीटरने कमी. हवेत त्यामुळे फार तर दहा-पंधरा मिनिटे वाचतात, रस्त्यावर मात्र पाऊण तास वाचतो. चिकोडी आणि संकेश्वरच्या वाचकांनी दोन्हीकडची वेळापत्रके पाहूनच ठरवावे.

प्रश्न : दिल्लीला मुलाखतीसाठी जायचे आहे. थेट विमान सोयीच्या दिवशी मिळत नाही. मुंबईमार्गे जावे की बंगळूरमार्गे? (पदवीधर तरुणी, खानापूर)

उत्तर : अंतराच्या दृष्टीने पाहिले तर मुंबई जवळजवळ वाटेवरच आहे. सांबरा ते दिल्ली हे सरळ अंतर सुमारे १,४३६ किलोमीटर आहे. मुंबईमार्गे ते ४०४ आणि १,१३९ मिळून १,५४३ होते, म्हणजे अवघे शंभरएक किलोमीटर अधिक. बंगळूरमार्गे आधी दक्षिणेला जाऊन मग उत्तरेला यावे लागते; ४४५ आणि १,७१० मिळून २,१५५ किलोमीटर होतात, म्हणजे सातशेहून अधिक किलोमीटरचा फेरा. हवेतील वेळेत हा फेरा साधारण तासाभराने महाग पडतो.

तरीही केवळ अंतर पाहून मुंबई निवडू नये. निर्णय दोन विमानांमधील थांब्यावर अवलंबून असतो, आणि मुंबईत त्या थांब्यात एक धोका दडलेला आहे. मुंबई विमानतळाची सांताक्रूझकडची आणि सहारची टर्मिनले एकमेकांपासून दूर आहेत, आणि पहिले विमान एकीकडे उतरून दुसरे दुसरीकडून सुटत असेल, तर बाहेर पडून शहराच्या रस्त्याने जावे लागते. त्यात आता नवी मुंबईच्या विमानतळाची भर पडली आहे, ज्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. सांबऱ्यापासून तो मुंबईच्या जुन्या विमानतळापेक्षा वीसएक किलोमीटरने जवळच आहे, परंतु आपले एक विमान तिथे उतरणारे आणि दुसरे सहारहून सुटणारे असेल, तर मध्ये खाडी आणि संपूर्ण शहराची रहदारी येते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ‘मुंबई’ एवढ्यावर न थांबता विमानतळाचे पूर्ण नाव आणि टर्मिनलचा क्रमांक वाचावा. बंगळूरमध्येही दोन टर्मिनले आहेत, पण ती एकाच आवारात आहेत.

दुसरी काळजी अशी, की दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआर क्रमांकावर घ्यावीत. मग पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते आणि सामानही बहुधा थेट दिल्लीपर्यंत जाते. दोन वेगवेगळी तिकिटे कधी कधी स्वस्त पडतात, पण मग पहिल्या विमानाचा उशीर ही दुसऱ्या कंपनीच्या लेखी आपली अडचण ठरते आणि तिकीट वाया जाते. मुलाखतीसाठी जाणाऱ्या उमेदवाराने तो धोका पत्करू नये, आणि शक्य असल्यास आदल्या दिवशीच दिल्ली गाठावी.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आमचे विमान सांबऱ्यावर बराच वेळ घिरट्या घालून शेवटी दुसऱ्याच विमानतळावर उतरले. इंधन संपले असते तर? (एक वाचक, येळ्ळूर)

उत्तर : तशी वेळ येऊ नये म्हणूनच विमान वळवतात. निघतानाच विमानात मुक्कामापर्यंतचे, तिथून पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि त्यावर निदान अर्धा तास हवेत राहण्यापुरते इंधन भरावे लागते. पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते आणि राखीव एवढेच इंधन उरण्याच्या आत वैमानिक घिरट्या थांबवून वळतो. सांबऱ्याच्या बाबतीत असे पर्याय जवळ आहेत : हुबळी सुमारे ७५ किलोमीटर, गोव्याचा मोपा विमानतळ ऐंशीच्या आसपास आणि दाबोळी शंभर. मात्र जोराच्या पावसात हे सारे विमानतळ एकाच ढगाखाली असू शकतात, म्हणून कधी कधी बंगळूर किंवा हैदराबादसारखा लांबचा विमानतळ निवडला जातो.

सह्याद्रीच्या पाठीशी, सुमारे ७५८ मीटर उंचीवर असलेल्या सांबऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये ढग अगदी खाली उतरतात. ही धावपट्टी १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने प्रशिक्षणासाठी उभारली, तेव्हापासून हेच हवामान तिच्या वाट्याला आले आहे. पावसाळ्यात महत्त्वाच्या कामासाठी जाताना परतीच्या प्रवासातही अर्धा दिवस मोकळा ठेवावा, एवढेच आपल्या हाती आहे.

प्रश्न : मुलगा दुबईला नोकरीला आहे. त्याच्या तिकिटावर मुंबईहून दुपारी ४ वाजता सुटून संध्याकाळी ५.४० ला दुबईला पोहोचणार असे लिहिले होते. परतीच्या तिकिटावर रात्री १० ला सुटून पहाटे २.२५ ला मुंबई. जाताना पावणेदोन तास आणि येताना साडेचार तास, असे कसे? (एक आई, वडगाव, बेळगाव)

उत्तर : दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळेनुसार लिहिलेल्या असतात, आणि दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असते. मुंबईत दुपारचे चार वाजतात तेव्हा दुबईत अडीच वाजलेले असतात. म्हणून जातानाचा खरा प्रवास दुबईच्या अडीचपासून ५.४० पर्यंत, म्हणजे तीन तास दहा मिनिटांचा झाला. येताना रात्री दहापासून पहाटे २.२५ पर्यंतच्या चार तास पंचवीस मिनिटांतून दीड तास वजा केला, की दोन तास पंचावन्न मिनिटे उरतात. मस्कतची वेळ दुबईसारखीच आहे. दोहा, कुवेत, रियाध आणि जेद्दा आपल्या अडीच तास मागे आहेत.

तरीही जाताना पंधरा मिनिटे अधिक लागतातच, आणि त्याचे कारण वारा आहे. मुंबई ते दुबई हे अंतर सुमारे १,९३० किलोमीटर दोन्ही वेळा तेच असते, पण हिवाळ्यात या अक्षांशांवर उंच हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. दुबईला जाताना ते समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. पावसाळ्यात दक्षिण भारतावरील उंच हवेतील वारे उलटतात आणि पूर्वेकडून वाहू लागतात, त्यामुळे जाण्यायेण्याच्या वेळेतील फरक त्या महिन्यांत कमी होतो.

वाऱ्याचा प्रभाव किती मोठा असू शकतो, याचे एक उदाहरण आपल्याच देशातील आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेले. नवा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे जुन्यापेक्षा चौदाशे किलोमीटरने लांब होता, आणि तरीही पाठीशी वारा असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत, म्हणजे जुन्या मार्गापेक्षा लवकर पोहोचले. राजकीय कारणांनी मार्ग लांबतो तेव्हा असा लाभ मिळेलच असे नाही. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद केल्यानंतर दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला आणि प्रवासाचा वेळ वाढला. मुंबई-दुबई मार्ग अरबी समुद्रावरून जात असल्यामुळे त्याला याची फारशी झळ पोहोचत नाही.

मुलाला आणायला मुंबईला गाडी पाठवणार असाल तर एक गोष्ट जपावी. परतीच्या तिकिटावरील पहाटेचे २.२५ ही वेळ दुसऱ्या दिवसाची आहे. दुबईहून तो रविवारी रात्री निघाला, तर मुंबईत सोमवारी पहाटे उतरेल, आणि सामान व तपासणी आटोपून बाहेर यायला त्याला साडेतीन वाजतील. तिकिटावर अशा वेळेपुढे लहान अक्षरांत ‘+१’ असे चिन्ह असते, ते पाहूनच चालकाला तारीख सांगावी.